जाति, कुल, देश आणि रुग्णपरीक्षा

वैद्याच्या दिवसाचा आरंभ दर्शनपरीक्षेने होतो. वर्ण, प्रभा, देहाचा बांधा, त्वचेची रूक्षता वा स्निग्धता, केश, नख आणि नेत्र पाहता पाहताच अर्धे निदान मनात उभे राहते. खामगावसारख्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्यास या परीक्षेत वैविध्याची वाण कधीच पडत नाही. 1870 साली जलंबहून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला तो कापसासाठी. कापसामागून मारवाडी आणि गुजराती व्यापारी आले, जिनिंग-प्रेसिंगच्या कामावर वऱ्हाडाच्या चारही दिशांकडून मजूर आले. आजही आमच्या ओसरीवर कुणबी, माळी, लेवा, धनगर, बंजारा, बौद्ध, मुस्लिम, मारवाडी अशी सर्व मंडळी एकाच बाकावर बसलेली दिसतात आणि उत्तरेकडील सातपुड्याच्या पायथ्याहून कोरकू, निहाल व भिल्ल बांधवही उतरून येतात. कोणी उंच, कोणी ठेंगणे, कोणी गौर, कोणी कृष्ण, कोणी श्याम.

हे वैविध्य कोठून आले आणि चिकित्सेत त्याचा विचार कोठवर करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो केवळ जिज्ञासेपोटी निवडलेला नाही. या प्रश्नाचे उत्तर चुकीचे गृहीत धरल्याने आमच्या हातून एक प्रमाद घडला होता. त्याची कथा प्रथम सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

एक प्रमाद

बऱ्याच वर्षांपूर्वी वैशाखात सतरा वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला. सांधे दुखणे, अधूनमधून ज्वर, मुखावर पांडुता आणि नेत्रांत किंचित पीतता. आम्ही आमवात आणि तदनुषंगाने पांडु असे निदान केले. लंघन, रूक्ष स्वेद, सिंहनाद गुग्गुळ, सोबत लोहकल्प आणि मागाहून विरेचन अशी योजना केली. विरेचनाच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या पाठीत व छातीत असह्य शूल सुरू झाला. त्यास तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. तेथे रक्ततपासणीत सिकलसेल निघाला. मुलगा वाचला, हे त्याचे दैव आणि तेथील डॉक्टरांचे श्रेय. आमचे श्रेय त्यात काहीच नव्हते.

सिकलसेलच्या रुग्णात शरीरातील जलांश घटला की रक्तकण विळ्याच्या आकाराचे होऊन सूक्ष्म स्रोतसांत अडकतात आणि तीव्र शूल उत्पन्न होतो. भर उन्हाळ्यात लंघन, स्वेदन आणि विरेचन देऊन आम्ही नेमके तेच घडवून आणले होते. लोहकल्पही अनावश्यक होता. या व्याधीतील पांडुता मुख्यत्वे रक्तकण लवकर फुटण्यामुळे येते, लोहाच्या अभावामुळे नव्हे. रुग्णास वारंवार रक्त द्यावे लागत असल्यास तर लोह शरीरात आधीच अधिक साचलेले असते.

सिकलसेल हा शब्द आम्हांस ठाऊक नव्हता असे नाही. पण तो आदिवासींचा रोग आहे, गडचिरोली-चंद्रपूरकडचा आहे, अशी आमची समजूत होती. समोरचा मुलगा आदिवासी नव्हता, शेतकरी समाजातील होता. त्याची जात ऐकली आणि आमच्या मनातून तो व्याधी बाद झाला. पुढे त्याच्या आईशी बोलताना कळले की घराणे दोन पिढ्यांपूर्वी वर्ध्याकडून जिनिंगच्या कामासाठी येथे आलेले, आजोळही तिकडचेच, एक काका लहानपणी ‘हाडातल्या तापाने’ गेलेला आणि थोरली बहीण ‘रक्त कमी’ म्हणून सतत आजारी. हे सारे आम्ही विचारले असते तर तिने पहिल्याच दिवशी सांगितले असते. आम्ही जात विचारली, कुल विचारले नाही.

नाकाच्या मापापासून गुणसूत्रापर्यंत

बाह्य रूपावरून वंश ठरविण्याचा हव्यास केवळ आमचाच नव्हता. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी भारतीयांची डोकी आणि नाके मापून वंशांची मांडणी केली. 1908 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी महाराष्ट्रातील लोकांस शक आणि द्रविड यांच्या मिश्रणाचे नाव दिले. नाकाची रुंदी जेवढी अधिक तेवढे समाजातील स्थान खालचे, असेही त्यांचे प्रतिपादन होते.

महाराष्ट्राच्या सुदैवाने याच विषयाचा कस लावणाऱ्या विदुषी येथेच निर्माण झाल्या. डॉ. इरावती कर्वे यांनी बर्लिन येथे युगेन फिशर या वंशवादी शास्त्रज्ञाच्या हाताखाली मानवी कवटीच्या विषमतेवर प्रबंध लिहिला आणि त्या विषमतेचा वंशाशी संबंध आढळत नाही असा निष्कर्ष निर्भयपणे मांडला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील विविध जातींची शरीरमापे घेतली. ते काम 1951 साली प्रसिद्ध झाले. एकाच नावाखाली मोडणाऱ्या जाती एका मूळ पुरुषापासून फुटून निघालेल्या असतीलच असे नाही, भिन्न मूळ असलेले गट एका नावाखाली येऊन बसलेले असतात, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होय. ‘ब्राह्मण’ वा ‘कुणबी’ हे शब्द समूहवाचक आहेत. ज्यांच्यात प्रत्यक्ष सोयरीक होते तो लहान गट हाच खरा नात्याचा घटक. वैद्याच्या भाषेत सांगायचे तर नाव जातीचे असले तरी बीज कुलाचे असते.

गुणसूत्रांच्या अभ्यासाने या विचारास पुष्टी दिली. 2009 साली हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील डॉ. थंगराज व डॉ. लालजी सिंह आणि हार्वर्ड येथील डेव्हिड राइख प्रभृतींनी दाखविले की त्यांनी तपासलेल्या बहुतेक भारतीय गटांत दोन प्राचीन लोकसमूहांचे मिश्रण कमीअधिक प्रमाणात आहे. 2013 च्या पुढील अभ्यासात हे मिश्रण आजपासून सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात घडल्याचे अनुमान निघाले. 2019 साली प्राचीन अस्थींच्या अभ्यासाने चित्र आणखी स्पष्ट झाले. येथील आद्य शिकारी-संग्राहक, इराणकडील प्राचीन लोकांशी नाते असलेला समूह आणि मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालक असे तीन मुख्य प्रवाह त्यात दिसतात. त्याच वर्षी डॉ. वसंत शिंदे व सहकाऱ्यांनी हरियाणातील राखीगढी येथील हडप्पाकालीन स्त्रीच्या अस्थींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्यात पहिले दोन प्रवाह होते, तिसरा नव्हता.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात आणि दोन्ही वैद्याच्या कामाच्या आहेत. एक, शुद्ध वंश म्हणून काही राहिलेले नाही, आपण सारे मिश्र आहोत. दोन, या मिश्रणानंतर पुढील सुमारे दोन सहस्र वर्षे बेटीव्यवहार लहान लहान वर्तुळांत बंदिस्त झाला. मिश्रणाने आपणांस एकमेकांच्या जवळ आणले, तर बंदिस्त सोयरिकीने काही दुर्मीळ बीजदोष त्या त्या वर्तुळात साठवून ठेवले. मूळ जनक थोडे असलेल्या अशा भारतीय गटांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात वैश्य समाजाच्या एका गटाचे उदाहरण दिलेले आहे. त्यांच्यातील काहींना शस्त्रक्रियेपूर्वी दिले जाणारे सक्सिनिलकोलीन हे स्नायुशिथिलक औषध दीर्घकाळ उतरत नाही. भूलतज्ज्ञांस हे पूर्वीपासून माहीत होते. चेहरा पाहून यातले काहीही कळत नाही.

सातपुड्याचा दाखला

दूर जाण्याचे कारण नाही. आमच्याच जिल्ह्यात जळगाव-जामोदच्या परिसरात निहाल समाजाची निहाली ही भाषा आहे. तिचे नाते जगातील कोणत्याही भाषाकुलाशी निर्विवाद सिद्ध झालेले नाही. डच पंडित कायपर यांनी 1962 साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तिच्या शेजारची कोरकू भाषा मुंडा कुलातील आहे. झारखंडच्या मुंडारी व संताळीशी तिचे सख्य, तर ख्मेर आणि व्हिएतनामी या तिच्या दूरच्या बहिणी. मुंडाभाषकांच्या गुणसूत्रांत असे आढळते की त्यांच्या पितृपरंपरेत आग्नेय आशियाकडून आलेला अंश ठळक आहे आणि मातृपरंपरा मात्र प्रायः भारतीय आहे. इतका निराळा इतिहास असलेली ही मंडळी आठवडी बाजारात उभी राहिली तर निहाल कोण, कोरकू कोण आणि शेजारचा शेतमजूर कोण, हे आमच्या डोळ्यांना ओळखता येत नाही.

सिकलसेलच्या शोधाचा इतिहासही हेच सांगतो. 1952 साली लेहमन व कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींत हा गुण प्रथम दाखविला. ती एका प्राचीन वंशाची खूण असावी असे लेहमन यांस वाटले. 1958 साली शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील या गुणाची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. विदर्भातील पुढील तपासण्यांत आदिवासींबरोबर अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय समाजांतही तो आढळला. त्याचा प्रसार हिवतापाच्या प्रदेशाशी निगडित आहे. ज्याला माता-पित्यांपैकी एकाकडूनच हा दोष मिळतो, त्या वाहकास तीव्र हिवतापापासून काही संरक्षण मिळते. म्हणून तो गुण तेथे टिकला. वंशाची खूण म्हणून ज्याकडे पाहिले, तो देश आणि कुल यांचा संयोग ठरला.

भारतात आढळणाऱ्या प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुष्कळदा अधिक प्रमाणात टिकून राहते, त्यामुळे अनेक रुग्णांत लक्षणे सौम्य असतात. विदर्भात तीव्र रुग्णही आहेत. सौम्य रुग्ण उशिरा ओळखला जातो आणि तोच ‘संधिवात’ वा ‘अशक्तपणा’ म्हणून आपल्या दारी येतो.

शास्त्र काय मोजण्यास सांगते

या पार्श्वभूमीवर आपल्या संहितांकडे पुन्हा पाहिले असता आश्चर्य वाटते. चरकाचार्यांनी इंद्रियस्थानाच्या आरंभी प्रकृतीचे सहा आधार सांगितले आहेत: जाति, कुल, देश, काल, वय आणि प्रत्यात्मनियत असा व्यक्तीचा स्वतःचा विशेष. आम्ही पहिल्या शब्दापाशी थांबलो आणि उरलेले पाच विसरलो. विमानस्थानात देशपरीक्षा सांगताना रुग्ण जन्मला कोठे, वाढला कोठे आणि आजारी पडला कोठे, असे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. आमच्या त्या मुलाच्या बाबतीत हे तीन आणि त्यांच्या जोडीला कुलाचा एक, एवढे प्रश्न पुरेसे होते.

प्रमाणपरीक्षेचा विचार तर विशेष मननीय आहे. देहाचे माप अंगुलांत घ्यावे, आणि ते अंगुल ज्याचे त्याचे. रिस्ले यांनी एकच मापपट्टी घेऊन सर्वांची नाके मोजली. आपले शास्त्र मात्र प्रत्येकाचा देह त्याच्याच बोटाने मोजते. कोणाचा देह कोणाहून श्रेष्ठ हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही, तो स्वतःच्या प्रमाणात आहे की नाही एवढेच पाहावयाचे असते. सूत्रस्थानातील अष्टौनिंदितांतही अतिकृष्ण आणि अतिगौर हे दोघे एकाच यादीत आहेत. चिकित्सास्थानाच्या अखेरीस निरनिराळ्या प्रदेशांतील लोकांचे वर्णन येते, ते सात्म्याच्या अंगाने. बाह्लीक, यवन, शक यांस मांस व गोधूम, प्राच्यांस मत्स्य, सैंधवांस दुग्ध, अश्मक-अवंतीच्या लोकांस तैल व अम्ल. आचार्यांना परदेशी मनुष्य भेटला तेव्हा त्यांनी त्याच्या आहाराची चौकशी केली.

प्रकृति ही वंशाहून निराळी आहे, यास आधुनिक संशोधनाचाही काही आधार मिळू लागला आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात 3,416 निरोगी पुरुष तपासून त्यांतील स्पष्ट एकदोषप्रधान अशा 262 जणांची गुणसूत्रे पाहण्यात आली. ठरावीक 52 स्थानांवरील फरकांनुसार ते वात, पित्त, कफ या गटांत विभागले गेले, आणि ही विभागणी त्यांच्या वंशपरंपरेवर अवलंबून नव्हती. संख्या लहान आहे, निष्कर्ष प्राथमिक आहेत, हे लक्षात ठेवूनही अमुक समाज पित्तप्रकृतीचा, तमुक समाज वातप्रकृतीचा अशी जी वाक्ये आपण सहज बोलून जातो, त्यांस येथे आधार सापडत नाही.

कुल कोणते, देश कोणता

प्रत्येक गोष्ट बीजावर ढकलणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक होय. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. संग्रामपूर, जळगाव-जामोद, शेगाव या भागांत खारे पाणी पिणाऱ्या गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी अनेक वर्षे ऐकू येतात. एका घरात तिघांना तोच विकार दिसला तर तो कुलज वाटतो. पण त्या तिघांची विहीरही एकच असते. 2024 च्या अखेरीस आणि 2025 च्या आरंभी शेगाव तालुक्यातील काही गावांत स्त्री-पुरुष, लहान-थोर अशा अनेकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळाले. तेथे धान्यातील सेलेनियमच्या अतिप्रमाणाकडे तज्ज्ञांनी लक्ष वेधले. जेथे सर्व जातींना एकाच वेळी एकच विकार होतो तेथे अन्न व जल तपासावे. जेथे गावातील इतर घरे निरोगी असून एकाच रक्ताच्या नात्यात, मग ते नातलग दुसऱ्या गावी का असेनात, तोच विकार फिरतो, तेथे बीज तपासावे.

काही ठिकाणी बीज आणि देश यांची गुंतागुंत असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली. आपल्या बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तेथील सुमारे 3.5 किलो. परंतु वजनाच्या मानाने आपल्या बालकांत मेदाचा अंश टिकलेला आणि मांसाचा घटलेला. पुढे 2004 साली त्यांनी व ब्रिटिश सहकारी यडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बांधा मापाने सारखा, पण मेद एकाचा 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांचा 21.2 टक्के. कृश दिसणाऱ्या वऱ्हाडी रुग्णातही प्रमेहाची शंका धरावी, हा यातील बोध. सुश्रुताचार्यांनी सहज प्रमेहाचा रुग्ण कृश असतो असे सांगितलेच आहे.

व्यवसायात काय करावे

आमच्या त्या प्रसंगानंतर आम्ही रुग्णपत्रकात जातीचा रकाना काढून टाकला आणि त्या जागी कुलवृत्ताचा घातला. सुज्ञ वैद्यबंधूंसमोर आमची पद्धत नम्रपणे ठेवतो.

पहिले, पितृकुल आणि मातृकुल दोन्ही विचारावे. सुश्रुताचार्यांनी आदिबलप्रवृत्त व्याधींचे मातृज आणि पितृज असे भेद केले आहेत. जी-6-पीडी या द्रव्याची न्यूनता ही मातेकडून येते आणि प्रायः पुरुषांत प्रकटते. म्हणून मामा आणि आजोळचे पुरुष यांची चौकशी आवश्यक.

दुसरे, घराणे मूळचे कोठले आणि आई-वडिलांत आधीचे नाते आहे काय, हे विचारावे. शारीरस्थानातील अतुल्यगोत्रीय अध्यायाचे नावच या विचाराची साक्ष देते.

तिसरे, लहान वयापासून पांडुता, वारंवार कामला, सांध्यांचा वा अस्थींचा शूल, प्लीहावृद्धी यांपैकी काही असल्यास शोधन, लंघन आणि लोहकल्प यांपूर्वी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. प्राथमिक विद्राव्यता चाचणी सोपी आहे. तीत दोष दिसल्यास इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसीने निश्चिती करावी, कारण वाहक आणि रुग्ण यांतील भेद तेथेच कळतो. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास आरंभ झाला. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. निदान झालेल्या रुग्णाचे हायड्रॉक्सियुरिया आपल्या भरवशावर बंद करू नये.

चौथे, वाहकास रोगी म्हणू नये. विवाहापूर्वी मात्र तपासणी सुचवावी. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गर्भाच्या वेळी अपत्य रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण दोषरहित होण्याची 25 टक्के असते. हे सांगताना मुलीच्या माथी दोष येणार नाही याची काळजी वैद्याने घ्यावी.

औषधालयाच्या चालकांसही एक विनंती. रक्तवाढीची औषधे, लोहासव वा मंडूर मागणाऱ्या ग्राहकास ‘घरात कोणाला सिकलसेल आहे काय, पूर्वी रक्त दिले आहे काय’ एवढे अवश्य विचारावे. जी-6-पीडी न्यूनता असलेल्या व्यक्तीस प्रायमाक्विन व डॅप्सोन यांनी रक्तकण फुटण्याचा धोका असतो. डांबरगोळ्यांचा संपर्क आणि तान्ह्या बालकाच्या अंगास मेंदीचा लेप यांनीही तो संभवतो. नैसर्गिक म्हणून निर्धोक असे समीकरण येथे लागू पडत नाही.

तो मुलगा आज संसारी गृहस्थ आहे. विवाहापूर्वी तो स्वतःहून वधूपक्षास तपासणीची विनंती करून मगच पुढे गेला. त्याच्या दोन्ही मुली वाहक आहेत, रुग्ण नाहीत, आणि मोठ्या झाल्यावर त्यांना काय सांगावयाचे हे त्याला ठाऊक आहे. गेल्या चैत्रात तो पाठदुखीसाठी आला होता. आम्ही नाडी पाहण्यास हात पुढे केला तेव्हा तो हसून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आधी विचारा.” आम्ही प्रथम त्याला पाण्याचा पेला दिला आणि मग प्रश्नांस आरंभ केला.